पाण्याकडे बघत राहण्याची नोकरी

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळिशीला टेकला की अख्खा खानदेश पाणी शोधत वॉटर पार्क गाठतो. तिथे जीवरक्षक मात्र उन्हात कोरडा उभा. त्याला पोहता यायला हवंच, पण त्याचं खरं काम बघण्याचं.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ‘वाचवा’ म्हणून ओरडत नाही. तोंड क्षणभर पाण्याबाहेर येतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची? शरीर श्वास निवडतं. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, अंग उभंच. अमेरिकी जीवरक्षक फ्रँक पिया यांनी हे टिपलं. असा माणूस पाण्यावर जेमतेम 20 ते 60 सेकंद टिकतो. वेव्ह पूलमध्ये डोकी वरखाली होताहेत, पाण्याची चकाकी डोळ्यांत घुसतेय आणि त्यातून हे मुकं बुडणं हेरायचं! म्हणून 10/20 चा नियम: 10 सेकंदांत धोका ओळखायचा, पुढच्या 20 सेकंदांत तिथे पोचायचं.

नजर तरी किती वेळ टिकणार? मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 साली लोकांना घड्याळाच्या काट्यावर पाळत ठेवायला लावून दाखवलं, की अर्ध्या तासातच चुका वाढतात. घामाने अंगातलं पाणी घटलं की लक्ष आणखी उडतं. त्यामुळे सावली, पिण्याचं पाणी आणि वेळच्या वेळी बदली ही काही मालकाची मेहरबानी नव्हे.

पार्कमध्ये गेलात तर लहान मूल हाताच्या अंतरावर ठेवा. आणि जीवरक्षकाला फोटो काढायला सांगू नका.