डोंगर तोच, नाव वेगळं

आपल्या कॉलेजच्या पाटीवर 'अभियांत्रिकी महाविद्यालय' असं लिहिलेलं असतं. पण एस.टी.त शेजारी बसलेल्या आजोबांनी "काय शिकतो रे बाळा?" असं विचारलं, की आपण "इंजिनिअरिंग" असंच सांगतो. 'अभियांत्रिकी' असं उत्तर देणारा प्राणी निदान आमच्या हॉस्टेलवर तरी अजून सापडलेला नाही. एक शब्द पाटीवर राहतो आणि दुसरा तोंडात बसतो. असं का होतं? शब्द ठरवतं कोण आणि टिकवतं कोण? यासाठी जाडजूड ग्रंथ उघडायची गरज नाही. कामथडीच्या आसपासच्या डोंगरांवर इतक्या वेळा नावं लिहिली आणि पुसली गेली आहेत की उत्तर तिथेच सापडतं.

राजगडाचंच घ्या. त्या डोंगराचं जुनं नाव मुरुंबदेव. शिवाजी महाराजांनी तिथे गड बांधला, नाव दिलं राजगड, आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षं कारभार तिथूनच चालला. आज मुरुंबदेव हे नाव फक्त इतिहासाच्या पुस्तकात उरलंय. त्याच महाराजांनी शेजारच्या तोरण्याला 'प्रचंडगड' असं नाव दिलं. राजा तोच, काळ तोच, पण ट्रेकला निघालेला एकही मुलगा "प्रचंडगडाला चाललोय" म्हणत नाही! भोरजवळच्या रोहिड्याचंही तसंच. त्याचं 'विचित्रगड' हे नाव माहितीफलकावर दिसतं, लोक मात्र रोहिडाच म्हणतात.

म्हणजे राजाची आज्ञा असली तरी शब्द टिकेलच असं नाही. औरंगजेबाने १७०३-०४ मध्ये हे किल्ले घेतले तेव्हा त्यानेही नावं बदलली. सिंहगड झाला बक्षिंदाबक्ष, राजगड झाला नबिशाहगड आणि तोरणा झाला फुतुहुल्गैब. काही वर्षांतच किल्ले मराठ्यांकडे परत आले आणि ती नावंही गेली. फुतुहुल्गैब हा शब्द एका दमात म्हणून बघा, म्हणजे मावळातल्या माणसांनी तो का उचलला नसेल याचं निम्मं उत्तर मिळेल.

मग कोंढाण्याचा सिंहगड कसा काय पक्का झाला? आपण शाळेत ऐकलेली गोष्ट अशी की तानाजी पडले म्हणून हे नाव पडलं. पण ती लढाई १६७० ची, आणि त्याआधीच्या पत्रांतही सिंहगड हे नाव सापडतं. तरीही आपल्या मनात नाव आणि तानाजी यांची जोडी तुटत नाही. याचं श्रेय साहित्याला! आधी शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरी नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीने त्या नावाला एक गोष्ट दिली. नाव आधीचं असलं तरी अर्थ नंतर आला, आणि तो कागदपत्रांपेक्षा भारी ठरला. प्रचंडगडाला अशी गोष्ट कुणी दिली नाही. तोरणा म्हटलं की स्वराज्याचं पहिलं तोरण आणि सापडलेलं धन आठवतं. प्रचंडगड म्हटलं की काहीच आठवत नाही.

हाच प्रयोग महाराजांनी राज्यकारभारातही केला, आणि तो तर फारच मोठा होता. तोपर्यंत दरबाराची भाषा फारसीने भरलेली. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे दहा भाग आणि सुमारे १३८० शब्द. फारसी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द, आणि तेही श्लोकांत! पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनोबताचा सेनापती आणि सुरनिसाचा सचिव. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी पुढे जुन्या पत्रांतले शब्द चक्क मोजले. शिवजन्माच्या सुमाराच्या पत्रात मराठी शब्द अवघे १४ टक्के, १६७७ च्या पत्रात ६२ टक्क्यांवर, आणि १७२८ च्या पत्रात ९० च्याही पुढे. (सॅम्पल साइज फारच लहान आहे, हे आपले मॅथ्सचे सर लगेच दाखवतील. पण कल कुठे होता ते कळतं.)

यातला 'सचिव' तर आपल्या तालुक्याचाच. छत्रपती राजारामांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळालं आणि त्यांच्या वंशजांनी भोरवर राज्य केलं ते 'पंतसचिव' म्हणून. १९४८ साली संस्थान विलीन झालं तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षं, इथल्या शेतकऱ्याने सारा भरला तो पंतसचिवांना. कोशातल्या एका शब्दाला घराणं, वाडा आणि वसुली मिळाली, मग तो कसा मरेल? 'पेशवा' मात्र उलटा गेला. शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' असूनही लोकांनी पेशवेच म्हटलं. गंमत म्हणजे तो हरलेला प्रधान परत आला. हिंदीत 'प्रधानमंत्री' म्हणतात, मराठीत आपण 'पंतप्रधान' म्हणतो. दिल्लीच्या बातमीत रोज अष्टप्रधान मंडळाची आठवण!

आणि कोशाला न जुमानता राहिलेले शब्द? किल्ला, कागद, अर्ज, जमीन, तालुका, जिल्हा, हवालदार. खुद्द राजगडावरचा 'बालेकिल्ला'सुद्धा फारसी-अरबी, त्याच्या शेजारी 'माची' अस्सल मराठी, आणि त्या माचीचं नाव 'संजीवनी' संस्कृत. एकाच गडावर तिन्ही सुखाने नांदतायत. म्हणून मला वाटतं, राज्यव्यवहारकोशाला 'शुद्ध मराठी'ची मोहीम म्हणणं बरोबर नाही. ते हिंदुस्थानातल्या इतर दरबारांना आणि पंडितांना सांगणं होतं, की हे स्वतंत्र राज्य आहे, कुणाची जहागीर नव्हे.

कारण माणसांना काही पटवून द्यायचं असेल तेव्हा महाराजांची भाषा पूर्ण वेगळी असे. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना राज्याभिषेकाच्या आधी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा आत्ताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग लोकांकडून ओरबाडाल, आणि लोक म्हणतील की तुमच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा उघडा ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. त्यात नुसता हुकूम नाही, कारण आहे, आणि कारण डोळ्यांसमोर उभं राहतं. या पत्रात फारसी शब्द भरपूर आहेत, पण छावणीतल्या शिपायाला एकही अडला नसेल.

आता आपल्या विषयाकडे येऊ. १९२८ साली वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण पूर्ण झालं तेव्हा त्याचं नाव होतं लॉइड डॅम. आज जलाशयाला याच तालुक्यातल्या येसाजी कंकांचं नाव आहे. लोक म्हणतात भाटघर. २०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. दाखल्यावर राजगड येईल, पण "वेल्ह्याला जातो" हे वाक्य लवकर जाईल असं मला तरी वाटत नाही.

पण धरणासोबत आलेला एक शब्द मात्र अगदी घट्ट चिकटला आणि तोच मला खुपतो. प्रकल्पग्रस्त. भोर-वेल्ह्यात भाटघर, पानशेत, नीरा देवघर, गुंजवणी अशी धरणं झाली. ज्याची जमीन पाण्याखाली गेली तो कालपर्यंत अमुक गावचा खातेदार होता, एका फाइलनंतर तो 'ग्रस्त' झाला. पूरग्रस्त, रोगग्रस्त, तसाच प्रकल्पग्रस्त. जमीन देणारा म्हणून त्याची नोंद होऊ शकली असती, ती संकट कोसळलेला माणूस म्हणून झाली. आता त्या शब्दाचा दाखला निघतो, नोकरीच्या अर्जात त्याचा रकाना असतो, आणि नातवालाही तो सांभाळून ठेवावा लागतो. आपल्या हॉस्टेलवरही असे दाखलेवाले मित्र असतील. फाइलमध्ये हा शब्द लिहिणाऱ्यांत इंजिनिअरही असतो, आणि उद्या तो आपल्यापैकीच कुणीतरी असेल.

साइटवर गेलो की दुसरी अडचण. सर्व्हेच्या लॅबमध्ये आपण 'प्लंब बॉब' शिकतो, गवंडी म्हणतो 'ओळंबा'. आपण 'ट्राय स्क्वेअर' म्हणतो, तो 'गुण्या'. "भिंत आउट ऑफ प्लंब आहे" असं सांगितलं तर तो मान हलवेल आणि विटा रचत राहील. "मामा, भिंत ओळंब्यात नाही" म्हटलं तर हातातली थापी खाली ठेवून स्वतःच दोरी सोडून बघेल. कानस, पक्कड, पाना, ऐरण हे शब्द निदान वर्कशॉपमध्ये कानावर पडतात. बांधकामाचे तर परीक्षेत कुठेच येत नाहीत. थर्ड इयरच्या सिव्हिलवाल्यांनी पुढच्या साइट व्हिजिटला एक वही न्यावी आणि गवंडी, सुतार, बिगारी यांना विचारून असे शब्द उतरवून आणावेत. पुढच्या अंकात मराठी विभागाची दोन पानं त्यासाठी राखून ठेवतो.