आधी मिलला, मग माठाला

जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमधून लालभडक सळई सुसाट बाहेर पडते आणि लगेच तिच्यावर पाण्याच्या धारांचा मारा होतो. वरचं कवच झटकन कडक होतं, आतला गाभा सावकाश निवत लवचीक राहतो. घराच्या स्लॅबमध्ये जाणारी टीएमटी सळई ती हीच. सळई विझवणाऱ्या या पाण्यात क्षार फार नसावेत, गाळ नसावा, एवढं पुरे. ते पिण्याजोगं असायची काही गरज नाही.

‘जालना सोने का पालना’ म्हणून मिरवणाऱ्या या गावाला पाण्याची ददात नवी नाही. निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावानं पिढ्यान्‌पिढ्या शहराची तहान भागवली, तेही उताराच्या बळावर. पुढे तो पुरेना. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि शहर टँकरवर आलं. मग पैठणहून, अंबडमार्गे जायकवाडीचं पाणी आलं. मधल्या काळात घाणेवाडी जलसंरक्षण मंचानं लोकवर्गणीतून तलावातला गाळ उपसला. हे सगळे प्रयत्न पाणी आणण्याचे आणि साठवण्याचे. वापरून झालेल्या पाण्याचं काय, हा प्रश्न मागेच राहिला.

साधा हिशेब करून पाहू. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांच्या घरात होती. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी मानक धरलं, तर पावणेचार कोटी लिटरच्या वर पाणी लागतं. त्यातलं सुमारे ८० टक्के मोरीतून बाहेर जातं, म्हणजे रोज तीन कोटी लिटर. प्रत्यक्षात जालनेकरांच्या नळाला रोज पाणी येतच नाही, त्यामुळे खरा आकडा कमी भरेल. तरीही पाऊस पडो न पडो, आटत नाही असा शहरातला झरा हा एवढाच.

हे पाणी विकलंही जातं. नागपूर महापालिकेनं महानिर्मितीशी २००८ साली करार केला आणि भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाऊ लागलं. प्रकल्पाची क्षमता रोज १३ कोटी लिटरची. त्या प्रमाणात धरणाचं पाणी माणसांसाठी मोकळं झालं. पुढे २०१६च्या केंद्रीय धोरणानं सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असं पाणी वापरणं बंधनकारक केलं. सिंगापूर २००३पासून ‘न्यूवॉटर’ बनवतं. तेही मुख्यतः चिप बनवणाऱ्या कारखान्यांना पुरवलं जातं. थोडंच जलाशयात मिसळून पुढे घरोघरी जातं.

आता मुद्दा पिण्याचा. नाक मुरडलं जाणारच. पण जायकवाडीचं पाणी तरी येतं कुठून? नाशिकमध्ये गोदावरीत सोडलेलं सांडपाणी, शुद्ध केलेलं आणि न केलेलंही, नांदूरमधमेश्वरमार्गे याच नदीनं खाली जायकवाडीच्या नाथसागराकडे येतं. म्हणजे वरच्या शहरानं वापरलेलं पाणी खालचं शहर पितच आलं आहे. फक्त मध्ये नदी असल्यामुळे ते कुणाला टोचत नाही. नदीची ही सफाई मोठी खरी, पण तिचं मीटर कुणी वाचत नाही.

हे काम नदीच्या भरवशावर न सोडता यंत्रांवर सोपवलं ते नामिबियाच्या विंडहुकनं. पाऊस जालन्याच्या जेमतेम निम्मा, जवळ बारमाही नदी नाही. १९६८मध्ये तिथल्या गोरेआंगाब केंद्रातलं पाणी थेट नळाच्या जाळ्यात मिसळू लागलं. २००२च्या नव्या केंद्राची क्षमता रोज २ कोटी १० लाख लिटर आहे. ओझोन, सक्रिय कोळसा, अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे, शेवटी क्लोरिन: एका चाळणीतून निसटलेलं पुढच्या चाळणीत अडकावं, अशी ही रचना. पण विंडहुकची खरी हुशारी यंत्रांच्या अलीकडे आहे. कारखान्यांचं सांडपाणी त्यांनी घरगुती सांडपाण्यापासून मुळातच वेगळं ठेवलं. कारखान्यांच्या गावाला हे आधी गिरवावं लागेल, कारण एकदा मिसळलेली रसायनं आणि जड धातू निवडून काढणं महागात जातं.

विंडहुकच्या या केंद्रात आरओ नाही, हेही ध्यानात घेण्यासारखं. घरातल्या आरओच्या नळीतून सिंकमध्ये पाणी वाया जातं, तसंच शहराच्या आरओतूनही क्षारांनी भरलेलं पाणी उरतं. किनाऱ्यावरची शहरं ते समुद्रात सोडतात. मराठवाड्यात ते सोडायचं कुठे? पडीक रानात सोडलं तर विहिरी खाऱ्या होणार. प्रकल्पाच्या जाहिरातीत हा प्रश्न सहसा नसतो.

लोकांना विचारल्याशिवाय तर काहीच होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरात २००६मध्ये धरणं आटत असतानाही सुमारे ६२ टक्के मतदारांनी शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या योजनेला नकार दिला. कर्नाटकात बंगळुरूचं शुद्ध केलेलं सांडपाणी २०१८पासून दुष्काळी कोलारच्या तलावांत सोडलं जातं. सुरुवातीलाच तलावात फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पुढे विहिरी-बोअरना पाणी वाढलं, तरी दोनच टप्प्यांत शुद्ध केलेल्या पाण्याबद्दलचे आक्षेप सुरूच राहिले. पाण्याच्या तपासणीचे आकडे रोज चौकातल्या फलकावर लागले, तर माणसं निदान थांबून वाचतील.

जालन्यापुरता क्रम सरळ दिसतो: पहिलं पाणी मिलला, मग झाडांना नि बांधकामांना. माठाची पाळी त्यानंतर, तीही वर्षानुवर्षांच्या तपासण्या नीट पार पडल्यावर. पण त्याच्याही आधी सांडपाणी हाती यायला हवं. आज ते उघड्या गटारांतून कुंडलिका नदीच्या पात्रात उतरतं आणि वाटेत त्यात प्लॅस्टिकपासून राडारोड्यापर्यंत काय काय मिसळतं. त्यामुळे या योजनेचं पहिलं अंदाजपत्रक पडद्यांचं नि ओझोनचं नसून घराघरांतल्या मोऱ्या जोडणाऱ्या भुयारी गटारांचं असेल. त्यासाठी गल्ल्या खोदाव्या लागतील, रस्ते फुटतील आणि निवडणुकीच्या तोंडावर हे काम कुणालाच नको असेल.