मुखवट्यामागचं आडनाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, की ही नसती उठाठेव आहे. सुपरमॅनचा धर्म कोणता? जो मुळात या पृथ्वीवरचाच नाही, त्याच्या जातिधर्माची चौकशी कशाला? आपल्याकडे नवा माणूस भेटला, की आपण आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो आणि तेवढ्यावरून काय तो अंदाज बांधून मोकळे होतो. ही सवय फारशी चांगली नाही, हेही आपल्याला ठाऊक असतं. तरीही हा प्रश्न मी आज मुद्दाम घेतला आहे. कारण १९४० साली तो जाहीरपणे उकरून काढला होता, आणि काढणारा कुणी रिकामटेकडा वाचक नव्हता. ते होतं हिटलरच्या एसएस संघटनेचं मुखपत्र.

झालं होतं असं. फेब्रुवारी १९४० मध्ये ‘लुक’ या अमेरिकी नियतकालिकानं सुपरमॅनच्या निर्मात्यांना दोन पानं दिली आणि विचारलं, तुमचा हा वीर युरोपातलं युद्ध कसं संपवील? त्यांनी उत्तर काढून दाखवलं. सुपरमॅन हिटलरला उचलतो, स्टालिनला उचलतो आणि दोघांना जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेऊन उभं करतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, एसएसच्या ‘दास श्वार्त्स कोर’ या साप्ताहिकानं याचा समाचार घेतला. लेखक जेरी सीगल ज्यू आहे, हे त्यात हिणवून हिणवून सांगितलं होतं. असला माणूस अमेरिकी मुलांच्या मनात विष कालवतो आहे, असा एकूण सूर. सुपरमॅनच्या त्या दोन पानांत धर्माचा विषयच नव्हता. शत्रूनं मात्र तो वाचून काढला.

आता हे निर्माते कोण, ते पाहू. जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर दोघेही १९१४ सालचे. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात, ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये त्यांची गट्टी जमली. दोघांचीही घरं युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची, परिस्थिती बेताची. सीगलच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. १९३२ मध्ये त्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगातच वडिलांचा मृत्यू झाला. पुढे या दोघांनी गोळ्या लागूनही ज्याला काही होत नाही, असा माणूस कल्पिला. जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो वाचकांपुढे आला. त्याचे हक्क या पोरांनी १३० डॉलरला विकून टाकले होते.

हे दोघे अपवाद होते असंही नाही. बॅटमॅन घडवणारे बॉब केन आणि बिल फिंगर, कॅप्टन अमेरिकाचे ज्यो सायमन आणि जॅक किर्बी, पुढे ‘मार्व्हल’चा चेहरा बनलेले स्टॅन ली, ‘स्पिरिट’चे विल आइस्नर. सगळे ज्यू घरांतले. याचं कारण रक्तात शोधायला जाऊ नये, ते बाजारात सापडतं. त्या काळात अमेरिकेतल्या नामांकित जाहिरात कंपन्या, गुळगुळीत कागदावरची मासिकं, मोठ्या प्रकाशनसंस्था यांची दारं ज्यू तरुणांना सहसा उघडत नसत. कॉमिक बुक हा धंदा नवा होता, हलका समजला जायचा, पैसा थोडा आणि प्रतिष्ठा तर नाहीच. अशा जागी कुणी आडनाव विचारत नाही. चित्र वेळेवर येतं की नाही, एवढंच विचारतात.

तरीही या मंडळींनी नावं बदललीच. जेकब कुर्ट्झबर्ग जॅक किर्बी झाला. स्टॅन्ली लीबर स्टॅन ली झाला. रॉबर्ट कान बॉब केन झाला. आणि हेच लोक कुणाच्या गोष्टी रचत होते? दोन नावांनी जगणाऱ्या माणसांच्या! ऑफिसात चष्मा लावून खालमानेनं वावरणारा क्लार्क केंट. त्याचं खरं नाव दुसरं, खरं घर दुसरीकडे, आणि ते कळलं तर आपल्या माणसांवर संकट येईल ही धास्ती. स्थलांतरिताच्या घरी वाढलेल्या मुलाला ही गोष्ट सुचायला फार लांब जावं लागलं नसेल. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी, हे तो रोजच जगत होता.

इथपर्यंत ठीक. पण या विषयावर लिहिणारे कधीकधी वाहवत जातात, तिथे आपण जरा थांबून पाहिलं पाहिजे. सुपरमॅनच्या बाजूनं नेहमी तीन दाखले दिले जातात. पहिला दाखला मोशेचा. बाळाचा जीव वाचवण्यासाठी आई त्याला टोपलीत घालून नदीत सोडते, परके लोक त्याला वाढवतात आणि मोठेपणी तो तारणहार होतो. सुपरमॅनच्या आईवडिलांनीही त्याला छोट्या यानात घालून मरणाऱ्या ग्रहावरून धाडलं. साम्य आहे खरं. पण आपल्यापैकी कुणालाही ही गोष्ट वाचताना आधी कर्ण आठवेल, नाहीतर यमुना ओलांडणारा वसुदेव आठवेल. एवढ्यावरून सुपरमॅन मथुरेचा ठरत नाही. शिवाय मोशेची गोष्ट ख्रिस्ती घरांतही तितकीच सांगितली जाते. हॉलिवूडनं तर सुपरमॅनला सरळ ख्रिस्ताच्या वळणावर नेलं आहे. १९७८ आणि २०१३ च्या चित्रपटांत ते स्पष्ट दिसतं.

दुसरा दाखला नावाचा. सुपरमॅनचं मूळ नाव काल-एल, आणि हिब्रू भाषेत ‘एल’ म्हणजे देव. ऐकायला झकास वाटतं. पण १९३९ च्या वर्तमानपत्री मालिकेत बापलेकांची नावं आली, तेव्हा त्यात हा ‘एल’ म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं नुसतं एक अक्षर होतं. आज आपण ज्यात देव पाहतो, ते स्पेलिंग मागाहून रुळलं. तिसरा दाखला नाझींच्या तावडीतून ज्यू मुलांना आगगाडीनं आणि बोटीनं इंग्लंडला नेलं, त्या मोहिमेचा. ती मोहीम सुरू झाली डिसेंबर १९३८ मध्ये, म्हणजे सुपरमॅन छापून आल्यावर सहा महिन्यांनी. तेव्हा तिच्यावरून गोष्ट सुचली, असं म्हणता येणार नाही. मागाहून वाचणाऱ्याला ती आठवली, तर तो हक्क मात्र त्याचा आहे.

निर्माता ज्यू म्हणून पात्रही ज्यू, हे गणितही चालत नाही. याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. इंद्रजाल कॉमिक्समधून ज्याला आपण वेताळ म्हणून ओळखलं, त्या फँटमचे जनक ली फॉक. त्यांचं मूळ नाव लिऑन ग्रॉस, घर ज्यू. फँटम जन्मला १९३६ साली, सुपरमॅनच्याही आधी. पण कवटीच्या गुहेतला, इंग्रज खलाशाच्या वंशातला हा वेताळ कितीही उलटापालटा करून पाहा, त्यात ज्यूपणाची खूण हाती लागत नाही. स्पायडरमॅनचंही तसंच. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला हा अपराधी भावनेनं पोखरलेला, स्वतःवरच विनोद करणारा मुलगा अनेकांना ज्यू वाटतो. त्याचे एक निर्माते स्टॅन ली ज्यू होतेही. पण त्याला रूप देणारे स्टीव्ह डिट्को ज्यू नव्हते. तेव्हा वाटणं आणि असणं यांत अंतर ठेवलेलं बरं.

मग या सगळ्यात ठोस काय उरतं? माझ्या मते, दोन पात्रं उरतात. दोघांच्या बाबतीत जे आधी सुचवलेलं होतं, ते पुढे उघडपणे कथेत आलं.

पहिलं पात्र ‘फँटॅस्टिक फोर’मधला बेन ग्रिम, ऊर्फ थिंग. अंतराळात गेला असताना त्याच्यावर किरणांचा मारा होतो आणि त्याचं सारं अंग नारिंगी दगडाचं बनतं. १९६१ मध्ये स्टॅन ली आणि जॅक किर्बी यांनी तो आणला. किर्बींचं बालपण न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या ज्यू वस्तीत गेलं. तिथला नामांकित रस्ता डिलॅन्सी स्ट्रीट. बेन ज्या रस्त्यावर लहानाचा मोठा झाला, त्याचं नाव यान्सी स्ट्रीट. बेनचं पूर्ण नाव बेंजामिन जेकब ग्रिम. किर्बींच्या वडिलांचं नाव बेंजामिन, स्वतः किर्बी जेकब. भांडखोर, तोंडाळ, मनानं लोण्यासारखा असा हा गडी म्हणजे आपणच, हे किर्बींनी कधी लपवलं नाही. घरगुती वापरासाठी त्यांनी एक चित्र काढलं होतं, त्यात थिंगच्या डोक्यावर ज्यू टोपी आणि खांद्यावर प्रार्थनेची शाल आहे. छापील अंकात मात्र त्याच्या धर्माबद्दल चाळीस वर्षं चकार शब्द नव्हता.

तो शब्द आला २००२ साली. कार्ल केसेल यांनी लिहिलेल्या अंकात बेन आपल्या जुन्या गल्लीत परततो. लहानपणी टोळीतल्या पोरांच्या नादी लागून त्यानं एका म्हाताऱ्याच्या गहाणवटीच्या दुकानातून दाविदाची चांदणी चोरलेली असते, ती परत करायला. तिथे एका खलनायकाशी मारामारी होते, म्हातारा निपचित पडतो आणि बेन त्याच्याशेजारी गुडघे टेकून हिब्रू प्रार्थना म्हणू लागतो. म्हातारा शुद्धीवर येतो आणि विचारतो, तुला आपल्या धर्माची लाज वाटते का? बेन सांगतो, लाज नाही. पण जगात आधीच कटकटी कमी आहेत का? त्यात लोकांनी माझ्याकडे बघून सगळे ज्यू असेच राक्षस असतात, असं म्हणायला नको. तेव्हा म्हातारा त्याला गोलेमची आठवण देतो. प्रागच्या दंतकथेतला, रब्बीनं मातीतून घडवलेला हा पुतळा राक्षस नव्हता, रक्षणकर्ता होता.

बेन म्हणतो ती प्रार्थना म्हणजे शमा. देव एक आहे, असं सांगणारी ही प्रार्थना ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळ आणि अखेरच्या घटकेला म्हणतो. आपल्या कोकणाला ती परकी नाही. बेने इस्रायल समाजाची परंपरागत समजूत अशी, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं, ग्रंथ समुद्रात गेले आणि पाठ राहिली ती ही एकच प्रार्थना. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. पोशाख इथला, भाषा मराठी, आडनाव गावावरून. ओळख उरली ती एका प्रार्थनेत आणि एका सुटीच्या दिवसात. बेन ग्रिमचं यापेक्षा वेगळं काय आहे?

दुसरं पात्र मॅग्नेटो. ‘एक्स-मेन’ ही मालिका १९६३ ची. जन्मतः वेगळी शक्ती लाभलेली, त्यामुळे समाजाच्या द्वेषाला बळी पडणारी ही माणसं. मॅग्नेटो सुरुवातीला जग जिंकायला निघालेला साधा खलनायक होता. लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी १९८१ च्या १५० व्या अंकात त्याला भूतकाळ दिला. त्याचं बालपण आउश्वित्झच्या छळछावणीत गेलं होतं, घरचे सारे तिथेच संपले होते. त्या अंकात तो लढाईच्या भरात किटी प्राइड या मुलीवर घाव घालतो आणि ती मेली असं वाटून हादरतो. किटी १९८० पासून मालिकेत होती आणि गळ्यात दाविदाची चांदणी घालून वावरत होती. ज्या द्वेषानं आपल्याला होरपळलं, तोच आपण एका पोरीवर उलटवला, हे त्याला उमगतं. कॉमिक्सच्या पानावर याहून जड क्षण मला फारसे आठवत नाहीत.

गंमत म्हणजे एवढं होऊनही मॅग्नेटोचा धर्म नक्की नव्हता. नव्वदच्या दशकात एका कथेनं त्याला भटक्या सिंती जमातीचा ठरवू पाहिलं. अखेर २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅग्नेटो: टेस्टामेंट’ या मालिकेनं तो जर्मन ज्यू मुलगा मॅक्स आयझेनहार्ट असल्याचं पक्कं केलं. कागदी माणसाचा धर्म असा संपादकांच्या हाती असतो. म्हणून पात्राबद्दल बोलताना वर्ष सांगावं लागतं.

मग हा शोध घ्यावा की नाही? मला वाटतं, प्रश्न कोण विचारतो आणि उत्तराचं पुढे काय करतो, यावर ते अवलंबून आहे. १९४० मध्ये एसएसच्या लेखकानं सुपरमॅनमागचा ज्यू हुडकला तो बोट दाखवण्यासाठी. त्याच सुमारास क्लीव्हलंडच्या किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या मुलाला सुपरमॅन आपल्यातला वाटला असेल, तर त्याला त्यातून थोडं बळ मिळालं असेल. खूण एकच, वाचणारे दोन. बेन ग्रिमला भीती होती ती पहिल्या प्रकारच्या वाचकाची. किर्बींच्या पिढीनं नावं बदलली तीही त्याच भीतीपोटी. कॅप्टन अमेरिकानं १९४१ च्या पहिल्याच मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावला, तेव्हा कचेरीत धमक्यांची पत्रं आली होती, हे ती पिढी विसरली नव्हती. आणि तो ठोसा लगावणारा वीर त्यांनी सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा काढला होता, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

बेनची ती भीती पुढे ओसरली. २००६ च्या एका अंकात त्याचा बार मिट्झ्वा झाला. आपल्या मुंजीसारखा हा विधी मुलाच्या तेराव्या वर्षी करतात. बेनला थिंग होऊन तेरा वर्षं झाली, असा हिशेब रब्बींनी लावला. २०१८ मध्ये त्याचं अलिशिया मास्टर्सशी ज्यू पद्धतीनं लग्न लागलं. न लिहिलेलं ओळखण्याची गरज तिथे उरली नव्हती. वाचकांनी ती पानं इतर कुठल्याही लग्नासारखी वाचली.