खेळाडूची सापेक्ष लोकप्रियता: आराता इझुमी यांचे उदाहरण

खेळाडूची लोकप्रियता हा केवळ त्याच्या कौशल्याचा परिणाम होय, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः लोकप्रियता ही सापेक्ष असून ती वाहून नेणाऱ्या संस्थेच्या आयुष्यावर अवलंबून असते. महाराष्ट्रात दीर्घकाळ खेळलेले व्यावसायिक फुटबॉलपटू आराता इझुमी यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

इझुमी यांचा जन्म १९८२ साली जपानमध्ये झाला. पिता गुजराती व माता जपानी. २००६ साली ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात आले. पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून व नंतर पुणे एफ. सी.कडून खेळले. २०१२-१३ च्या आय-लीग स्पर्धेत पुण्याने दुसरे स्थान मिळविले, त्या संघात ते होते.

भारताकडून खेळण्यासाठी भारतीय पारपत्र आवश्यक, असे धोरण केंद्र शासनाने २००८ साली ठरविले होते. भारतीय कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. जपानचा कायदाही परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे जपानी नागरिकत्व संपुष्टात आणतो. तेव्हा राष्ट्रीय संघातील स्थानाचे मोल जन्मभूमीच्या नागरिकत्वाने चुकवावे लागणार होते. इझुमी यांनी ते चुकविले, नीलकंठ खांभोळजा हे भारतीय नाव स्वीकारले आणि २०१३ साली ते भारताकडून खेळले.

एवढ्या त्यागानंतर त्यांची कीर्ती महाराष्ट्रात खोलवर रुजावयास हवी होती. परंतु महिंद्र युनायटेड २०१० साली विसर्जित झाला, पुणे एफ. सी. २०१५ साली बंद पडला, आणि ज्याच्याकडून ते २०१६ साली खेळले तो एफ. सी. पुणे सिटी २०१९ साली लोपला. आठवण जपणारी संस्थाच उरली नाही, तेथे नावाचा प्रवास खुंटणे क्रमप्राप्त होते.

याउलट कोल्हापूरची स्थिती पाहावी. तेथील फुटबॉल पेठांच्या तालमींशी निगडित आहे. पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम यांचा खेळाडू राष्ट्रीय पातळीवर अज्ञात असला, तरी शाहू स्टेडियमवर त्याचे नाव पेठेच्या अभिमानाचा विषय ठरते. जपानमध्येही १९९३ साली सुरू झालेल्या जे-लीगने संघांची नावे उद्योगसंस्थांऐवजी गावांशी जोडण्याचे धोरण अवलंबिले, त्याचे मर्म हेच.

अंतराचाही विचार आवश्यक आहे. आय-लीगमध्ये मराठवाड्याचा एकही संघ नव्हता. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील चारठाण्यासारख्या गावाला बालेवाडीच्या मैदानावरील खेळाडू आपला वाटावा, असा दुवाच निर्माण झाला नाही.

तात्पर्य, लोकप्रियतेच्या अभ्यासात गोलांची संख्या मोजून भागत नाही. खेळाडू कोणाचा, आणि तो ज्यांचा ते किती काळ टिकले, हे प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. अन्यथा विस्मृतीचा दोष अकारण खेळाडूच्या गुणवत्तेवर लादला जातो.