परिषदेच्या पाहुण्या आणि आपलं रिद्धपूर

अमरावतीला परिषद असली की परदेशी पाहुण्यांना एखादा दिवस मोकळा मिळतो, आणि गाडी निघते थेट चिखलदऱ्याला. जावं की! पण मैत्रिणींनो, आपल्या चांदूर बाजारजवळचं रिद्धपूर कुणी सुचवतं का? मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिनं गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्तानं धवळे गायले ते इथंच. अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी तर गोविंदप्रभूंचं चरित्र १९८४ साली इंग्रजीत नेलं. आपण मात्र बसमधून नुसता हात जोडून पुढं जातो.

एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान बेलोऱ्याला उतरतं. वार बघूनच तिकीट काढायला सांगा, नाहीतर नागपूर आहेच. यायचं ते हिवाळ्यात. चपला बाहेर, फोटो विचारून, भाजीत तिखट निम्मं, पाणी सीलबंद.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मागे एका पाहुणीनं हळूच विचारलं, "बाथरूम कुठं?" वाटेत दाखवण्याजोगं काहीच नव्हतं. बिचारी तासभर पाणीच प्यायली नाही. शेवटी एका ओळखीच्या घरी नेलं. आता निघण्याआधी मी त्या काकूंना फोन करते. त्या म्हणतात, "या न् बाई, चहाही घेऊन जा!"