वैकल्पिक निकषांनुसार माहितीशोध

संगणकीय माहितीकोशातील सारण्यांमधून, शोधणाऱ्याने दिलेले निकष तेवढे लावून व न दिलेले निकष वगळून, हव्या त्या नोंदी निवडण्याची पद्धती. पृच्छेबरोबर पुरविलेल्या निकषाच्या मूल्यास प्राचल म्हणतात. ते देणे ऐच्छिक असल्यास त्यास वैकल्पिक प्राचल म्हणतात.

निकष वाढतील तसा शोध अरुंद होतो. कोन या नावाचे एक गाव रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, तर दुसरे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात आहे. केवळ गावाचे नाव दिल्यास दोहोंच्या नोंदी मिळतात. तालुकाही दिल्यास एकाच गावाच्या उरतात. महाराष्ट्र शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा पाहताना जिल्हा, तालुका व गाव निवडता येते. त्यानंतर गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव अशा निरनिराळ्या मार्गांनी शोध घेता येतो.

एखाद्या खातेसूचीत पहिले नाव, मधले नाव व आडनाव हे तीन निकष वैकल्पिक ठेवले, तर ते देण्या-न देण्याचे ८ प्रकार संभवतात. प्रत्येकासाठी स्वतंत्र पृच्छा लिहिण्याऐवजी दोन उपाय योजतात. पहिल्यात प्रत्येक निकषासाठी ‘निकष दिलेला नाही, किंवा नोंदीतील मूल्य निकषाशी जुळते’ अशी जोडअट घालतात. ही रचना सुटसुटीत असते. परंतु सर्व प्रकारांसाठी एकच कार्ययोजना वापरली गेल्यास अनुक्रमणिकेचा लाभ न मिळता मोठ्या सारणीतील शोध मंदावतो. दुसऱ्यात दिलेल्या निकषांच्याच अटी जोडून पृच्छा आयत्या वेळी तयार करतात. तीत वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर पृच्छेत थेट मिसळू नये. तो प्राचल म्हणूनच द्यावा, अन्यथा त्यातून घातक आज्ञा घुसविता येतात.

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर आधारलेल्या एसक्यूएल या पृच्छाभाषेत अज्ञात मूल्याशी केलेली तुलना सत्य वा असत्य न ठरता अनिश्चित ठरते आणि निवड मात्र सत्य ठरलेल्या नोंदींचीच होते. त्यामुळे रिकामा सोडलेला निकष वगळण्याऐवजी तुलनेत घेतला गेला, तर एकही नोंद मिळत नाही. आजोबांचे केवळ पहिले नाव व आडनाव ठाऊक असलेल्या वारसाने मधले नाव रिकामे ठेवले, तर अशा सदोष रचनेत त्यांचे खाते असूनही दिसणार नाही. याउलट सर्वच निकष वगळले गेल्यास संपूर्ण सारणी उघड होते. म्हणून किमान एक निकष अनिवार्य ठेवतात व एका वेळी दाखवावयाच्या नोंदींची संख्या मर्यादित करतात. ‘नोंद आढळली नाही’ या उत्तराबरोबर लावलेले निकषही दर्शविणे इष्ट असते; कारण त्या उत्तराचा अर्थ त्या निकषांशी जुळणारी नोंद मिळाली नाही एवढाच असतो, नोंदच अस्तित्वात नाही असा नव्हे.