वारे गेलेला हात पुन्हा कसा शिकतो?

एखाद्याचा हातपाय अचानक लुळा पडला, की कडेगाव परिसरात 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. खरे तर मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि तेथील पेशी मरतात. एचआयव्हीबाधितांत हा धोका अधिक असतो. कारण या विषाणूमुळे रक्तवाहिन्यांचा दाह होत राहतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग हात पुन्हा हलतो कसा? पाट फुटला, की पाणी दुसऱ्या सरीतून वळवतात ना? तसेच शिल्लक पेशी आपापसांत नवे जोड जुळवून ते काम शिकतात. त्यासाठी सराव हवा: वाटी उचलणे, गुंडी लावणे, पुन्हा पुन्हा. पहिल्या ३ महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते.

एचआयव्हीबाधिताचा मेंदूही असाच शिकतो. मात्र विषाणूला दाबून ठेवणारी औषधे रोज घ्यावी लागतात. महाराष्ट्रात २००४ पासून ती सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली.

सरावाला सोबती लागतो. हात धरल्याने, आधार दिल्याने एचआयव्ही पसरत नाही. घरच्यांनी भीतीपोटी हे ३ महिने दवडले, तर रोग्याचे मोठे नुकसान होते. तेव्हा मित्रांनो, एवढे घरी जरूर सांगा.